सरावाचा बूट आणि शर्यतीचा बूट : ‘चांगला’ म्हणजे कशासाठी चांगला?



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला बुटांशी काय देणंघेणं? पण पहाटे कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. धावून आलेली मंडळी घाम पुसत एकच चर्चा करत असतात. हा बूट चांगला की तो? जाड गादीचा घ्यावा की पातळ? तो कार्बनवाला घेतला तर वेळ खरंच कमी होतो का? मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये. तेव्हापासून आपल्याकडे धावणं हा मध्यमवर्गीय घराघरातला विषय झालाय. बूट हा त्यातला सगळ्यात मोठा खर्च, आणि चुकला तर गुडघ्यानं किंवा पोटरीनं भरायचा खर्च. तेव्हा नीट विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आणि विचार करायचा म्हटला की आम्हा लोकांची खोड अशी, की उत्तराच्या आधी प्रश्न तपासायचा. ‘कोणता बूट चांगला?’ या प्रश्नात ‘चांगला’ हा शब्द अर्धवट आहे. कशासाठी चांगला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही. न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितलेत. त्यात प्रमाण, प्रमेय, मग संशय, आणि संशयाला लागून लगेच प्रयोजन येतं. तिकडे ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस म्हणतो, द्राक्षाचा वेल कुठल्याही सुरीनं कापता येईल, पण छाटणीसाठीच घडवलेल्या कोयत्यानं तो सर्वांत नीट कापला जाईल. नाशिककडच्या बागायतदारांना हे सांगायची गरज नाही, छाटणीची कात्री आणि भाजी चिरायची विळी ते कधी एकत्र करत नाहीत. बुटांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

म्हणून आज आपण दोन कामं वेगळी करू. सरावाच्या बुटाचं काम काय आणि शर्यतीच्या बुटाचं काय? थोडक्यात सांगायचं तर असं: शर्यतीचा बूट आज किती वेगानं पोचलात यावर तोलायचा. सरावाचा बूट उद्या पुन्हा धावता येतंय का यावर तोलायचा. बाकी सगळं विवेचन या दोन वाक्यांभोवती फिरणार आहे.

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये

बुटांच्या वादात एक नाव हमखास येतं, ते म्हणजे इथिओपियाचा अबेबे बिकिला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकला. अनवाणी पक्षाचे लोक म्हणतात, बघा, बुटाची गरजच नाही! पण चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला पायात बूट-मोजे घालून धावला, आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा सुवर्णपदक घेऊन गेला. मग बूटपक्ष म्हणतो, बघा, बुटानं तीन मिनिटं वाचवली!

दोन्ही पक्षांचा तर्क सारखाच कच्चा आहे. माणूस एक असला तरी शहर वेगळं, रस्ता वेगळा, हवा वेगळी, मधे चार वर्षांचा सराव. यातून बूट तेवढा बाजूला काढून त्याच्या खात्यावर तीन मिनिटं जमा करता येत नाहीत. आपल्याकडचे शिवनाथ सिंग घ्या. अनवाणी धावण्यासाठीच ओळखले जायचे. १९७८ मध्ये जालंधरला त्यांनी २ तास १२ मिनिटांची वेळ दिली आणि तो राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ टिकला. यावरून एवढंच सिद्ध होतं, की लहानपणापासून तयार झालेला पाय काय करू शकतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी खुर्चीतून उठून धावायला लागलेल्या माणसाच्या पायाबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

गादी नेमकं काय करते?

आता जरा बुटाच्या पोटात शिरू. खाली रस्त्याला लागतो तो रबरी तळ. वर पायाला धरून ठेवणारं कापड. आणि या दोघांच्या मधे जो फोमचा जाड थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. आजचा सगळा वाद या मधल्या थराचा आहे.

१९७० च्या दशकाच्या मध्याला या थरात ईव्हीए नावाचा फोम आला. आपल्या घरातल्या कितीतरी चपलांचा तळ त्याचाच असतो. हलका, स्वस्त, मऊ. मग कंपन्यांनी त्यात भर घातली. नायकीनं १९७८ मध्ये हवेच्या पिशवीचा बूट आणला, असिक्सनं १९८६ मध्ये जेल भरलं, आदिदासनं २०१३ मध्ये बूस्ट नावाचा दाण्यादाण्यांचा नवा फोम आणला. दरम्यान दोन उलट्या लाटाही येऊन गेल्या. २००९ मध्ये ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं आणि जगभर अनवाणी धावण्याचं, पातळ बुटांचं वेड पसरलं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये होका ही कंपनी सुरू झाली आणि तिनं नेमका उलटा, उशीसारखा जाड बूट बाजारात आणला. पुढच्या काही वर्षांत जाड बूट जिंकला. पण जिंकला म्हणजे बाजारात जिंकला, ते सत्याच्या कसोटीवर जिंकणं नव्हे. हे दोन्ही वेगळं ठेवायची सवय आपल्याला हवी.

धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोरानं आपल्याला वर ढकलते. साठ किलोचा माणूस असेल तर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपास भार. एका किलोमीटरला सुमारे हजार पावलं, म्हणजे एका पायाला पाचशे. आठवड्याला ४० किलोमीटर धावलात, तर एका पायावर वीस हजार वेळा हा भार येतो. वर्षाचा हिशेब दहा लाखांपर्यंत जातो. सरावाच्या बुटापुढचं खरं काम हे आहे, की या दहा लाख आघातांनंतरही पाय धड राहिला पाहिजे.

इथे सहज बुद्धीला वाटतं, की मग जितकी मऊ गादी तितका पाय सुरक्षित. हे इतकं उघड वाटतं, की तपासायची गरजच वाटत नाही. पण तपासलं, तेव्हा प्रकरण गुंतागुंतीचं निघालं. २०१८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी एक नेहमीचा बूट आणि एक खूप जाड गादीचा बूट घेऊन धावपटूंच्या पायावरचे आघात मोजले. वेग वाढवला तेव्हा जाड बुटात आघात कमी व्हायच्या ऐवजी वाढले! कारण असं की आपला पाय काही निर्जीव खांब नाही. तोही एक स्प्रिंग आहे, आणि खालची जमीन कशी आहे हे ओळखून तो स्वतःला कडक किंवा सैल करतो. खाली मऊ लागलं की पाय जास्त ताठ होतो. म्हणजे बूट पायासाठी जे करतो, ते पाय लगेच थोडंफार उलटवतो.

मग गादी निरुपयोगी झाली का? घाई करू नका. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त हौशी धावपटूंवर एक मोठा प्रयोग झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दिसायला तंतोतंत सारखे बूट, पण काहींची गादी कडक, काहींची मऊ. कोणाला कोणता मिळालाय हे धावणाऱ्यांना माहीत नव्हतं. सहा महिने नोंदी ठेवल्या. कडक गादीवाल्यांमध्ये दुखापती जास्त निघाल्या. म्हणजे आघाताचा आकडा एक सांगतो आणि प्रत्यक्ष दुखापतींची नोंद दुसरं. यातून शिकायचं ते हे, की जे सहज मोजता येतं तेच आपल्याला जपायचं असतं, असं नाही. आपल्याला जपायचाय पाय. यंत्रावरचा आलेख नव्हे.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट. मऊ गादीचा फायदा वजनानं हलक्या धावपटूंना दिसला, जड धावपटूंना तितकासा दिसला नाही. दुकानात आपल्याला बरोबर उलटं सांगतात, की तुमचं वजन जास्त आहे, तुम्हाला जाड गादी हवी. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, म्हणूनच जपून ऐकायचं.

शर्यतीचा बूट : परत करणं आणि देणं

आता दुसरीकडे वळू. पूर्वी शर्यतीचा बूट म्हणजे पातळ, हलका, जवळजवळ कागदासारखा. त्यामागचं गणित साधं होतं. प्रत्येक बुटाला शंभर ग्रॅम वजन वाढलं की धावायला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्यानं वाढते. म्हणून गादी काढा, वजन कमी करा. सराव जाड बुटात, शर्यत पातळ बुटात, अशी सरळ वाटणी होती.

२०१७ मध्ये ही वाटणी मोडली. त्या वर्षी ६ मे रोजी इटलीतल्या मोंझाच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर एल्युद किपचोगे २ तास २५ सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला. त्याच्या पायात नायकीचा नवा बूट होता. शर्यतीचा असूनही जाड, आणि जाड असूनही हलका. आत पेबॅक्स नावाच्या पदार्थाचा फोम आणि त्यात बसवलेली वाकडी कार्बनची पट्टी. दोन वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात याच जातीच्या पुढच्या बुटात तो १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावला. दोन्ही धावा खास आखलेल्या होत्या, वेगाला साथ देणारे धावपटू आत-बाहेर होत होते, म्हणून त्या अधिकृत विक्रमात धरल्या नाहीत.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात या बुटाची मोजणी झाली. खर्च कंपनीचा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं. पण नंतर इतरांच्या मोजण्यांतही मोठा फायदा दिसला. १८ वेगवान धावपटू घेतले, बुटांचं वजन समान केलं, आणि त्याच वेगाला किती ऊर्जा लागते ते मोजलं. सरासरी ४ टक्के कमी लागली. धावण्याच्या जगात ४ टक्के म्हणजे प्रचंड.

हे होतं कसं? जाहिरातीत म्हणतात, बूट तुम्हाला ऊर्जा देतो. हे वाक्य जपून घ्या. बुटाच्या आत बॅटरी नाही. पाय टेकताना आपणच फोम दाबतो, आणि पाय उचलताना तो फोम दाबलेल्यापैकी काही भाग परत करतो. त्या अभ्यासात जुन्या ईव्हीएच्या बुटानं सुमारे ६५ टक्के परत केले, बूस्टवाल्यानं सुमारे ७६, आणि या नव्या बुटानं ८७. म्हणजे काय झालं? एखाद्याला आपण शंभर रुपये उसने दिले. एकजण पासष्ट परत करतो, दुसरा सत्त्याऐंशी. दुसरा बरा खरा, पण व्याज त्यानंही दिलेलं नाही. मुद्दलसुद्धा पुरतं दिलेलं नाही. शर्यतीचा बूट फक्त आपलं नुकसान कमी करतो.

आणि त्या कार्बनच्या पट्टीचं जे कौतुक होतं, तेही जरा कमी करायला हवं. नंतरच्या एका अभ्यासात पट्टी आडवी कापून तिचा ताठपणा घालवला आणि पुन्हा मोजलं. फारसा फरक पडला नाही. म्हणजे मुख्य काम फोमचं, त्याच्या जाडीचं आणि हलकेपणाचं. पट्टी त्या मऊ, उंच फोमला आकार आणि आधार देते. म्हणून ‘आत कार्बन आहे’ एवढ्या एका वाक्यावर बूट विकत घेऊ नये. स्वस्त, साध्या फोममध्ये कडक पट्टी घातली तर तो कडक बूट होतो, एवढंच.

पुढे स्पर्धा इतकी वाढली, की २०२० च्या जानेवारीत जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरच्या वर नको, आत एकापेक्षा जास्त ताठ पट्टी नको, आणि बूट बाजारात सर्वांना विकत मिळायला हवा. २०२३ मध्ये बर्लिनला इथिओपियाच्या तिग्स्त असेफानं २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिलांचा विश्वविक्रम केला. तिच्या पायातला आदिदासचा बूट १३८ ग्रॅमचा होता आणि किंमत ५०० डॉलर. तो एका मॅरेथॉनसाठी, आणि तिच्याआधी पायाला सवय व्हावी एवढ्यासाठीच आहे, असं कंपनीनंच सांगितलं होतं. शर्यतीच्या बुटाचं प्रयोजन याहून स्पष्ट कोण सांगणार?

सरासरी म्हणजे आपण नव्हे

४ टक्के ऐकून आपल्यापैकी कोणी तो बूट घ्यायला निघाला असेल, तर थोडं थांबा. दोन गोष्टी सांगायच्यात.

पहिली गोष्ट, तो आकडा ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाच्या धावपटूंचा. आपल्यातले बरेच जण ताशी १० किलोमीटरच्या आगेमागे धावतात. त्या वेगाला याच जातीचा बूट मोजला, तेव्हा फायदा सुमारे १ टक्क्यावर आला, आणि काहींना तर तोटाच झाला. ताशी १० किलोमीटरनं मॅरेथॉनला सव्वाचार तासांच्या आसपास लागतात. त्यातला १ टक्का म्हणजे अडीच मिनिटं. पहिले पाच किलोमीटर उत्साहात जोरात गेलो, किंवा पेडर रोडचा चढ विचार न करता चढलो, तर यापेक्षा जास्त मिनिटं शेवटी जातात. त्याला कुठलाही बूट लागत नाही.

दुसरी गोष्ट, सरासरीच्या पोटात माणसं वेगवेगळी असतात. २०२३ च्या एका अभ्यासात केनियाच्या ७ अव्वल धावपटूंना असे बूट देऊन मोजलं. कोणाला सुमारे ११ टक्के फायदा, तर कोणाला जवळजवळ तेवढाच तोटा! एकाच देशातले, एकाच दर्जाचे, अव्वल धावपटू. संख्या लहान आहे हे खरं, पण सरासरीवरून स्वतःबद्दल निष्कर्ष काढायचा नाही, इतका धडा त्यातून नक्की घेता येतो. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आम्ही हेच शिकवायचो, की समूहाचा गुण घटकाला चिकटवू नये.

शर्यतीचा बूट रोज घातला तर?

आता व्यवहारातला कळीचा प्रश्न. वीस हजारांच्या वरचा बूट घेतलाच आहे, तर रोजच का घालू नये? पैसे वसूल नकोत का?

कारणं बघा. हा फोम उंच आणि फार मऊ असतो, आणि बहुतेक बुटांत तळ अरुंद. सरळ रस्त्यावर, वेगात, तो छान चालतो. हळू धावताना, वळताना, थकलेल्या पायांनी, खड्ड्यांच्या रस्त्यावर घोटा डुगडुगतो. दुसरं, ताठ पट्टी आणि खालचा बाक यामुळे पायाच्या हाडांवरचा भार नेहमीपेक्षा वेगळ्या जागी जातो. असे बूट वापरणाऱ्या पाच खेळाडूंच्या पायाच्या मधल्या एका लहान हाडाला ताणाची इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. पाच उदाहरणं म्हणजे सिद्धता नव्हे. पण बदल हळूहळू करावा, हे सांगायला तेवढी पुरेत. तिसरं, हा फोम लवकर दमतो. एका अभ्यासात ४५० किलोमीटर वापरलेल्या अशा बुटाचा साध्या ईव्हीएच्या बुटापेक्षा असलेला फायदा उरला नाही. म्हणजे रोज घालून आपण शर्यतीचा बूट शर्यतीआधीच संपवतो.

आता शर्यत किती आणि सराव किती, ते बघा. मॅरेथॉनची तयारी सोळा आठवडे, आठवड्याला ५० किलोमीटर धरली, तर सराव ८०० किलोमीटरचा होतो. शर्यत ४२ ची. म्हणजे धावण्याचा मोठा भाग, वीसातले एकोणीस भाग, सरावाच्या बुटात जातो. आपलं लक्ष, चर्चा आणि पैसा मात्र त्या विसाव्या भागावर असतो. लग्नाच्या जेवणावर लाख रुपये उधळायचे आणि वर्षभर घरात भाजीला काटकसर करायची, त्यातलाच हा प्रकार.

मग निवड कशी करायची?

सरावाच्या बुटाबद्दल आधी एक गैरसमज काढून टाकू. पायाचा ठसा बघायचा, सपाट तळवा की कमानीचा ते ठरवायचं, आणि त्यावरून बूट द्यायचा, ही पद्धत अनेक वर्षं चालली. अमेरिकेच्या सैन्यदलांनी हजारो नव्या जवानांवर ती तपासली. ठशाप्रमाणे बूट दिलेल्यांमध्ये आणि सर्वांना एकच बूट दिलेल्यांमध्ये दुखापतींचा फारसा फरक निघाला नाही.

मग उरतं काय? कॅनडातल्या कॅलगरीचे बेनो निग हे या विषयातले जुने, मोठे अभ्यासक. त्यांचं म्हणणं असं, की सोय हीच सर्वांत भरवशाची खूण. ज्या बुटात पायाला सुखाचं वाटतं, त्यात शरीर आपल्या स्वाभाविक चालीनं धावतं. हा नियम अजून पूर्ण सिद्ध झालाय असं नाही, पण दुकानातल्या उपदेशापेक्षा आपल्या पायाची साक्ष जास्त ग्राह्य धरावी, इतपत तो नक्कीच वाजवी आहे. प्रत्यक्षाला आपल्या परंपरेत पहिलं प्रमाण मानलंय, ते इथेही लागू करायला हरकत नाही.

म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना घालता तेच मोजे घालून जा. पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. दुकानात दोन-चार मिनिटं धावून बघा, लाजू नका. ‘काही दिवसांनी सैल होईल’ असं कोणी म्हणालं, तर तो बूट ठेवून द्या. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो जुन्या बुटापेक्षा एकदम कमी करू नका. तो कमी झाला की पोटरी आणि टाचेमागची जाड शीर यांवर भार वाढतो. दोन वेगळे बूट परवडत असतील तर आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गच्याच एका पाहणीत २६४ धावपटूंपैकी जे असे आलटून वापरत होते, त्यांच्यात दुखापती कमी आढळल्या. आणि सरावाचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला थकतो, असा अंदाज धरतात. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा.

शर्यतीचा बूट घ्यायचाच असेल, तर शर्यतीआधी दोन-तीनदा, शर्यतीच्या वेगानं, त्यातून धावून बघा. एकदा तरी लांब अंतर. पोटरी किंवा तळवा दुखला तर शर्यतीला तो घालू नका, कितीही महाग असला तरी. खर्च झालेले पैसे परत येत नाहीत. पायाचं तसं होऊ नये.

चिठ्ठ्यांमधले प्रश्न

तीन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेऊ.

पहिली: ‘वय ६४, रोज पाच किलोमीटर चालणं आणि थोडं धावणं. कार्बनचा बूट गुडघ्यांना बरा का?’ नाही. त्याचं काम वेग, तुमचं काम सातत्य. रुंद तळाचा, बेताच्या गादीचा, घोट्याला स्थिर वाटणारा सरावाचा बूट घ्या. गुडघा आधीच दुखत असेल तर बुटाच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

दुसरी: ‘महागड्या बुटामुळे शर्यत अन्यायाची होत नाही का?’ अंशतः होते. दोन धावपटू पायांनी समान असतील आणि एकाकडेच तो बूट असेल, तर शर्यत पायांशिवाय पाकीटही मोजायला लागते. जाडीची मर्यादा आणि बाजारात उपलब्धता, या नियमांचा हेतू तोच आहे. पण ‘बाजारात मिळतो’ आणि ‘परवडतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो प्रश्न नियमानं सुटलेला नाही.

तिसरी चिठ्ठी एका मुलाची आहे, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर आहे. घरून एकाच बुटाचे पैसे मिळतील. काही मुलं कार्बनचा स्वस्त बूट घेतायत. मी काय करू?’

बाळा, तू सरावाचाच बूट घे. तुझी भरती १६०० मीटरची असली तरी तिच्यासाठी तू काही महिने रोज धावणार आहेस, बहुधा मातीच्या मैदानावर, गावाकडच्या रस्त्यावर. त्या जमिनीवर उंच, मऊ बूट घोट्याला धोक्याचा. भारी नाव लावलेला स्वस्त बूट असेल, तर आतला फोम तो नसणार, आणि फायदा त्या फोमचाच होता. तुझ्यासारख्या कितीतरी मुलांची भरती चाचणीच्या दिवशीच्या सेकंदांवर जात नाही. महिनाभर आधी नडगी दुखायला लागते आणि सराव बंद पडतो, तिथे ती जाते. बूट असा घे, की चाचणीच्या सकाळपर्यंत तुझा एकही आठवडा वाया जाऊ नये. उरलेल्या पैशात दोन जोडी चांगले मोजे घे आणि दूध-अंडी खा. सेकंद तुझ्या सरावातून कमी होतील.

पुढच्या भागात आपण याच धाग्यानं घड्याळाकडे येऊ. मनगटावरची यंत्रं आपल्याला जे आकडे दाखवतात, त्यातले किती आपल्या धावण्याबद्दल असतात आणि किती फक्त यंत्राबद्दल, याचा विचार करू. तोपर्यंत प्रश्न पाठवत राहा.